हवा भरण्याचे यंत्र घरी घ्यावे काय?

पहाटे साडेपाचची वेळ. धारा काढून झालेल्या, मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन अडकवलेले आणि मागचे चाक बसलेले! संकलन केंद्र सातला बंद होते आणि पंक्चरवाला नऊशिवाय दुकान उघडत नाही. गेल्या पावसाळ्यात मी एका गावी मुक्कामाला असताना हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. वीस लिटर दूध घरातच राहिले. वहिनींनी त्याचा खवा आटवला खरा, पण आठवड्याच्या बिलात खड्डा पडायचा तो पडलाच. नंतर चहा पिताना त्या घरचे दादा म्हणाले, "साहेब, हवेचे मशीन घरीच घेऊन टाकतो. कोणते घेऊ?"

खताची मात्रा विचारावी तसा हा प्रश्न हल्ली मला गावोगाव विचारला जातो. म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

अलॉय चाकांच्या बहुतेक मोटारसायकली आणि स्कूटर आता ट्यूबलेस टायरवर येतात. या टायरात ट्यूब नसते. टायरची कड रिंगच्या काठाला घट्ट चिकटून बसते आणि तीच हवा धरून ठेवते. खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, हळूहळू झिरपते. म्हणून वाटेत खिळा दिसला तर तो उपसू नये. घरी हवा भरण्याची सोय असेल तर तशीच हवा भरून दहा-पंधरा किलोमीटरवरचे दुकान बहुधा गाठता येते. त्या दिवशी दादांच्या चाकातही खिळाच होता. साधा पायपंप घरात असता तर दूध वेळेवर पोचले असते.

आता हिशेब पाहू. मोटारसायकलच्या मागच्या टायरच्या पोटात सुमारे बारा लिटर जागा असते. पूर्ण बसलेला टायर तीस पौंडांपर्यंत भरायला बाहेरची पंचवीस लिटरभर हवा आत कोंबावी लागते. वीस पौंडांवरून तीसवर न्यायची असेल तर आठ-नऊ लिटर पुरते. एवढ्याशा कामाला मोठा कॉम्प्रेसर कशाला? दुकानदार खोक्यावरचा '१५० पौंड' हा आकडा दाखवतो. आपल्याला लागतात तीस. त्याला विचारायचे ते असे, की मिनिटाला किती लिटर हवा देतो? लहान पंप मिनिटाला दहा ते वीस लिटर देत असेल तर दोन-तीन मिनिटांत काम होते. ते पुष्कळ झाले.

एक-दोन दुचाकी असलेल्या घराला माझा सल्ला असा : चार्जिंगचा लहान पंप घ्यावा. ठरवलेल्या पौंडाला आपोआप बंद होणारा मिळतो, तो घरातील मुलीबाळींनाही वापरता येतो. मात्र महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवावा, नाहीतर ऐन वेळी तोच मेलेला सापडतो. बारा व्होल्टचा, मोटारगाडीत लावायचा पंप मोटारसायकलच्या बॅटरीला जोडू नये. तो दहा-पंधरा अँपिअर ओढतो आणि ती बॅटरी बिचारी लहान असते. खर्च नकोच असेल तर घड्याळवाला पायपंप घ्यावा. त्याला ना वीज लागते ना चार्जिंग.

टाकीवाल्या कॉम्प्रेसरची गरज कुठे पडते? टायर रिंगवरून सुटला असेल तेथे. अशा वेळी हवा भसकन् आत गेली तरच कड जागेवर बसते. लहान पंपाची हवा सुटलेल्या कडेतून तशीच निघून जाते. कडेला साबणाचे पाणी लावून, वॉल्व्हची पिन काढून टाकीची हवा सोडली की फट्फट् आवाज करत टायर बसतो. टायरवर लिहिलेल्या कमाल पौंडाच्या पुढे मात्र जाऊ नये. कड बसत नसेल तर हवा सोडावी आणि पुन्हा साबण लावावा. कोणी पेट्रोल शिंपडून काडी लावतात. हात-तोंड भाजून घेण्याचा तो मार्ग आहे.

चोवीस लिटरची टाकी आठ किलोपर्यंत भरली की पाच-सहा बसलेली चाके एका दमात उभी करते. ट्रॅक्टर-ट्रॉली असलेल्या घरी, किंवा चार भावांनी मिळून, एक अश्वशक्तीचा असा कॉम्प्रेसर घ्यायला हरकत नाही. मोटार तांब्याच्या वायंडिंगची आहे, असे बिलावर लिहून घ्यावे. घरच्या लहान इन्व्हर्टरवर ती सुरू होत नाही. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलेले असताना, लांब बारीक वायरीवर सुरू करायला जाल तर ती नुसती गुरगुरते आणि जळते.

जुने यंत्र स्वस्तात घेण्याचा मोह मलाही झाला होता. टाकी रंगवून चकचकीत केलेली. सेफ्टी वॉल्व्हच्या जागी कोणीतरी साधा बोल्ट आवळला होता, हे माझ्या ध्यानातच आले नाही. एके दिवशी प्रेशर स्विच अडकला, मोटार थांबेना, काटा बारा किलोच्या पुढे गेला. मुलाने पळत जाऊन मेन स्विच ओढला म्हणून निभावले. नंतर टाकीच्या तळाची तोटी उघडली तर तांबूस, गंजाचे पाणी भसाभसा आले. टाकी आतून किती खाल्ली होती कोण जाणे! ती मी भंगारात दिली. अशी टाकी वेल्डिंग करून वापरू नये. नव्या टाकीतलेही पाणी वापरानंतर तोटीतून काढून टाकावे आणि सेफ्टी वॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून पाहावी.

हवा किती भरावी, हे गाडीवरच्या चिकटपट्टीवर किंवा पुस्तिकेत असते. एकटा चालक आणि मागे ओझे, असे दोन आकडे असतात. दुधाचे कॅन म्हणजे ओझेच. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. 'टाइट' म्हणून त्या आकड्यापेक्षा जास्त भरली तर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो.

दादांनी अखेर चार्जिंगचा पंप घेतला, सोबत पंक्चरच्या रबरी पट्ट्यांचा संचही. पट्टी टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातच चालते, बाजूच्या भिंतीला चिरले असेल तर नाही, हे मी त्यांना सांगून ठेवले आहे. पंप गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवायचा त्यांचा विचार होता. वहिनींनी तो घरात, मोबाईलच्या चार्जरशेजारी ठेवायला लावला.