पट कमी, पण गरज तेवढीच!

वर्षाला 10 हजार रुपये. म्हणजे महिन्याला साधारण 833. तुमच्या ग्रुपची एक बर्थडे पार्टी यापेक्षा महाग पडते. पण 30 किंवा त्याहून कमी मुलं असलेल्या सरकारी शाळेला वर्षभराच्या किरकोळ खर्चासाठी मिळणारी ही रक्कम आहे. समग्र शिक्षा योजनेतलं हे ‘संयुक्त शाळा अनुदान’. पट 31 ते 100 असेल तर 25 हजार, 101 ते 250 असेल तर 50 हजार. शिक्षकांचा पगार, पुस्तकं, गणवेश, पोषण आहार यांचा पैसा वेगळा येतो. पण खडू, रजिस्टर, वीजबिल, नळाची तोटी, दाराची कडी, झाडू, फिनेल हे सगळं या रकमेत बसवायचं. त्यातही किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे.

आता गंमत बघा. पैसे पटावर मिळतात, पण खर्च पटावर होत नाही. पावसाळ्यात छत गळतं ते आत 28 मुलं आहेत म्हणून कमी गळत नाही. वीजमीटरचा स्थिर आकार 15 मुलांसाठी माफ होत नाही. मग होतं काय, तर वाडीवरची छोटी शाळा कायम मागे पडते. संडासाला पाणी नाही, कॉम्प्युटर धूळ खात पडलाय, दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतायत. हे बघून ज्यांना परवडतं ते पालक पिवळ्या बसमध्ये मूल बसवून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला पाठवतात. पट आणखी घसरतो. आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, ‘एवढ्याशा मुलांसाठी शाळा कशाला चालवायची?’

हा प्रश्न हवेतला नाही. महाराष्ट्रात 20पेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून जास्त शाळा आहेत, ही आकडेवारी गेल्या काही वर्षांत सतत चर्चेत राहिली. 2023मध्ये अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा गावोगावी विरोध झाला. त्याआधी 2022मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या दरेवाडीची मुलं शेळ्या घेऊन थेट जिल्हा परिषदेवर धडकली होती. शाळा बंद करताय ना, मग दप्तरं ठेवून घ्या आणि वळायला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. धरणामुळे विस्थापित झालेल्या वस्तीतली ही मुलं. आपली बाजू त्यांनी कुठल्याही निबंधापेक्षा नेमकी मांडली.

वर्गणी की हक्क?

गावाची शाळा गावानं सुधारली, अशा गोष्टी आपल्याला खूप आवडतात. आणि त्या खऱ्याही आहेत. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीची शाळा लोकसहभागातून उभी राहिली आणि राज्यभर गाजली. मुंबईला किंवा पुण्याला नोकरीला गेलेली मंडळी मिळून गावच्या शाळेला प्रोजेक्टर देतात, रंग देतात. छानच आहे. 2023मध्ये सरकारनं कंपन्यांना आणि दात्यांना शाळा ‘दत्तक’ घेण्याची योजनाही आणली.

पण एक प्रश्न विचारायलाच हवा. ज्या वस्तीतले निम्मे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे वर्गणी कोण देणार? दात्याला डांबरी रस्त्यावरची शाळा दिसते, डोंगरापलीकडची दिसत नाही. वर्गणीवर भिस्त ठेवली की सधन गावाची शाळा आणखी चांगली होते आणि गरीब गावाची होती तिथेच राहते. म्हणून शाळेचा मूळ खर्च सरकारनंच करायला हवा. वर्गणी ही वरची साय.

ही मागणी आपल्याकडे नवी नाही. महात्मा फुले यांनी 1882मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, मग शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावरच का, असा त्यांचा सवाल होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असंही त्यांनी सांगितलं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही. शाहू महाराजांनी 1917मध्ये कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवलं. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानं देशाच्या उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च शिक्षणावर करावा असं सांगितलं. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तोच 6 टक्क्यांचा आकडा पुन्हा लिहावा लागला. ‘लिहावा लागला’ यातच सगळं आलं!

कलम 22 वाचलंय?

आता कामाची गोष्ट. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) 2009चा म्हटलं की आपल्याला 25 टक्के प्रवेशांची लॉटरी आठवते. पण त्यात कलम 21 आणि 22 पण आहेत. प्रत्येक सरकारी शाळेला ‘शाळा व्यवस्थापन समिती’ असली पाहिजे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. या समितीनं ‘शाळा विकास आराखडा’ तयार करायचा. आणि सरकारनं किंवा जिल्हा परिषदेनं शाळेसाठी नियोजन करताना, अनुदान देताना हाच आराखडा आधार मानायचा. हे कायद्यात लिहिलंय! म्हणजे शाळेला काय हवं हे सांगण्याचा पहिला मान पालकांचा आहे.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा आराखडा म्हणजे मागच्या वर्षीच्या कागदावर नवी तारीख. समितीतल्या आया शेतावरून थेट मीटिंगला येतात, इतिवृत्तावर सही करतात आणि परत जातात. त्यांना गरज कळत नाही असं मुळीच नाही. कुठल्या वर्गात पाणी साचतं, कुठली मुलगी संडासाअभावी घरी राहते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. अडतं ते ‘अंदाजपत्रक’, ‘मागणी’, ‘निकष’ या भाषेपाशी. मुख्याध्यापकांना सगळं कळतं, पण ते स्वतः कर्मचारी. ऑफिसला किती जोरात विचारणार? त्यात 2022पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर कित्येक वर्षं प्रशासक राहिले, त्यामुळे गाऱ्हाणं घेऊन जायला हक्काचा सदस्यही नव्हता.

इथे तुमची एंट्री

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर आठवा. दत्तक गाव, श्रमदान, पथनाट्य आणि शाळेच्या भिंतीवर सुविचार. या वेळी त्यातले दोन दिवस वेगळे काढा.

एक : आरटीई कायद्याच्या परिशिष्टातली यादी घ्या. प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुला-मुलींना वेगळे संडास, पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची शेड, मैदान, कुंपण, रॅम्प, वाचनालय. पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. शाळेत फिरून खुणा करा. शाळेची यू-डायस प्लस पोर्टलवरची माहिती बघा. कागदावर ‘नळ आहे’ असेल आणि नळाला पाणी नसेल, तर तेही लिहा.

दोन : पालकांसोबत बसा. त्यांनी सांगायचं, तुम्ही लिहायचं. सिव्हिलची मुलं दुरुस्तीचं ढोबळ अंदाजपत्रक काढू शकतात, कॉमर्सवाले अनुदानाचा जमाखर्च मांडू शकतात. मागणी मोघम नको. ‘शाळा सुधारा’ म्हटलं की फाईल फिरत राहते. ‘खोली क्रमांक 2चं छत गळतं, इतके पत्रे बदलायचे, इतका खर्च’ असं लिहिलं की ऑफिसला उत्तर द्यावं लागतं.

तीन : दार नीट ओळखा. छोटी दुरुस्ती, पाणी यासाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो. नवी खोली किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा परिषद आणि जिल्हा नियोजन समिती. समग्र शिक्षाचे पैसे केंद्र आणि राज्य 60:40 देतात, त्यासाठी आराखडा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत गेला पाहिजे. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे तो आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. तुमची शिबिरंही साधारण त्याच सुमारास असतात!

चार : 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्या. अर्जाची पोच, आवक क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार आहेच. पण सही पालकांची हवी, तुमची नको. शिबिर आठवड्यात संपतं, समिती गावातच राहते.

यातून लगेच पैसे येतील? गॅरंटी कुणीच देणार नाही. पण ज्या शाळेची गरज कागदावरच नाही, तिच्यासाठी तरतूद कशी होणार? ‘मागणीच नव्हती’ हे उत्तर तरी कुणाला देता येणार नाही.

तेव्हा भिंत रंगवा, जरूर रंगवा. फक्त ब्रश बुडवायच्या आधी पालकांना विचारा, या भिंतीला गेलेला तडा आराखड्यात लिहिलाय का?