‘राइझ’ आणि ‘रेझ’

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना ‘राइझ’ व ‘रेझ’ ही क्रियापदांची जोडी फार छळते. ‘राइझ, रोझ, रिझन’ आणि ‘रेझ, रेझ्ड, रेझ्ड’ अशी घोकंपट्टी करूनहि ऐन परीक्षेंत एकाच्या जागीं दुसरें पडतेंच. वस्तुतः ह्या भेदाचें मर्म मराठी मूल शाळेंत जाण्यापूर्वींच जाणत असतें.

पेणच्या कारखान्यांत घडलेल्या गणेशमूर्ति भाद्रपदांत घरोघर जातात. त्या वेळीं आपण म्हणतों, ‘चतुर्थीला गणपति बसतात’ आणि ‘आम्हीं घरीं गणपति बसविला’. पहिल्या वाक्यांत बसविणारा दिसत नाहीं. दुसऱ्यांत यजमान स्पष्ट उभा आहे. इंग्रजींतील ‘सिट’ व ‘सेट’ यांचें नातें हेंच. संस्कृतांतील ‘सीदति’ व ‘सादयति’ हीं त्यांचीं चुलत भावंडें होत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास मांडलें. प्रयोजक क्रियापद बनविण्याची ही रीतहि त्याच समाईक वारशापैकीं आहे. ‘राइझ’ व ‘रेझ’ हें जोडपें ह्याच रीतीचें. मात्र ‘रेझ’ हा शब्द इंग्रजीनें नॉर्स भाषेंतून उचलला.

आतां रोह्याकडे वळूं. कुंडलिकेचें पाणी चढतें, तेथें ‘राइझ’. काठचे लोक बांधाची उंची वाढवितात, तेथें ‘रेझ’. ‘राइझ’ला कर्म लागत नाहीं, ‘रेझ’ कर्मावांचून पंगु होय.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. भिऱ्याच्या वीजगृहांतून पाणी सोडलें कीं कोलाडजवळ हीच नदी चढते. नुसतें ‘पाणी चढलें’ म्हटलें म्हणजे सोडणारा हात झांकला जातो. रोह्याशीं ज्यांचें नांव निगडित आहे, ते चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या बँकेच्या व्यवहारांतहि ‘व्याजाचा दर चढला’ आणि ‘बँकेनें दर चढविला’ हीं दोन विधानें एक नव्हेत. दुसऱ्यांत निर्णय आहे, आणि निर्णयाबरोबर जबाबदारी आहे.

म्हणून पालकांनीं रूपें पाठ करवून घेण्यापूर्वीं मुलांना एवढेंच विचारावें: ‘चढला, कीं कोणी चढविला?’ उत्तर मराठींत मिळालें, कीं इंग्रजी क्रियापद सहसा चुकत नाहीं; आणि पुढें अर्ज, हिशेब वा अहवाल लिहितांना कर्त्याचें नांव लपविण्याची खोडहि लागत नाहीं.