बंद इमारतीतले पाणी

इमारतीला कुलूप लावले की ती होती तशीच राहते, असा माझा अनेक वर्षे समज होता. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे प्रोग्रॅम दोन वर्षे कुणी चालवला नाही म्हणून नासत नाही. कायझर्सलाउटर्नमधल्या आमच्या कचेरीने २०२२ साली हा समज खोडून काढला.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे आम्ही सगळे घरी बसलो. शक्य असेल तिथे घरून काम करू देण्याची मालकांवरील सक्ती जर्मनीत २७ जानेवारी ते ३० जून २०२१ आणि पुन्हा २४ नोव्हेंबर २०२१ ते १९ मार्च २०२२ अशी दोनदा होती. या सगळ्या काळात आमचा वरचा मजला जवळजवळ रिकामा होता. तो उघडण्यासाठी चौघांची समिती नेमली आणि त्यात माझे नाव कुणीतरी घातले. मला वाटले, टेबलांमधले अंतर, हाताला लावायचे सॅनिटायझर आणि खिडक्या एवढे पाहिले की झाले! पण पहिल्याच बैठकीत हाउसमाइस्टर म्हणाले, "आधी पाण्याचे बघू."

त्यांचे म्हणणे असे. वापर नसला की नळातले पाणी जागच्या जागी उभे राहते. थंड पाणी हळूहळू खोलीइतके कोमट होते, गरम पाणी निवून कोमट होते. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानात लिजिओनेला नावाचे जिवाणू झपाट्याने वाढतात. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियाने सुमारे ३० जण दगावले. जिवाणू सापडायला पुढचे वर्ष उजाडले, आणि त्या संघटनेवरूनच त्याला हे नाव मिळाले.

हे पाणी पोटात गेल्याने सहसा हा आजार होत नाही. शॉवरमधून उडणारे बारीक तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात जातात, तो खरा धोका. साधारण दोन ते दहा दिवसांत ताप, खोकला आणि धाप सुरू होते. एकाकडून दुसऱ्याला हा रोग सहसा लागत नाही. पण वृद्ध, धूम्रपान करणारे आणि ज्यांची फुप्फुसे आधीच अशक्त आहेत त्यांच्या तो जिवावर बेतू शकतो. वेळेवर निदान झाले तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

मग आम्ही काय केले?

१. इमारतीतल्या प्रत्येक नळाची, शॉवरची आणि संडासाच्या टाकीची यादी केली. विसरलेला नळच घात करतो.

२. नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढून धुतल्या. आधी थंड पाणी, तापमान स्थिर होईपर्यंत सोडले. बॉयलरमधून ६० अंशांचे पाणी निघते याची खात्री करून मग गरम पाणी सोडले. परत फिरून येणारे पाणीही ५५ अंशांखाली जाता कामा नये.

३. हे करताना खिडक्या उघड्या, तोंडाला एफएफपी-२ मास्क, आणि शॉवरची झारी बादलीत बुडवलेली, म्हणजे तुषार उडत नाहीत.

४. जमिनीतल्या मोऱ्यांत पाणी ओतले. जाळीखालच्या वाकड्या नळीतले पाणी सुकले की गटाराची हवा थेट खोलीत येते. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत २००३ साली सार्स पसरला, त्यामागे अशा सुकलेल्या मोऱ्याही एक कारण मानल्या गेल्या.

५. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत दिले. जर्मन नियमानुसार १०० मिलिलिटरमध्ये जिवाणूंच्या १०० वसाहती दिसल्या की मालकाला कारणे शोधून उपाय करावे लागतात.

सायकलवरून येणाऱ्यांसाठी असलेल्या एका शॉवरचा अहवाल या मर्यादेच्या वर आला. लांब नळीच्या टोकाचा, दोन वर्षांत कुणी न उघडलेला शॉवर! दुसरा अहवाल चांगला येईपर्यंत त्याला टाळे लागले.

तो अहवाल वाचताना मला आमची पाहुण्यांची न्हाणी आठवली. दोन वर्षे आमच्याकडे कुणी आले नव्हते, आणि मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून यायचे होते. बाबा सत्तरीचे, त्यात दम्याचे. त्याच संध्याकाळी खिडकी उघडून तिथले दोन्ही नळ मनसोक्त वाहू दिले, शॉवरची झारी बदलली आणि मग रोज एकदा पाणी सोडत राहिलो.

आपण सारेच सुट्टीत पाच-सहा आठवडे भारतात जातो. परतल्यावर घरी हेच करावे. प्रवासाने अंग आंबलेले असते, पण थेट शॉवरखाली उभे राहू नये; आधी पाणी वाहू द्यावे.

आता थोडे पैशांविषयी. भाड्याच्या इमारतीत शॉवर असून गरम पाण्याची सामाईक टाकी ४०० लिटरहून मोठी असेल, किंवा बॉयलरपासून नळापर्यंतच्या नळीत तीन लिटरहून जास्त पाणी मावत असेल, तर घरमालकाने किमान तीन वर्षांतून एकदा ही तपासणी करून घ्यायची असते. एक-दोन कुटुंबांच्या घरांना हा नियम नाही. नियमित तपासणीचा खर्च तुमच्या नेबेनकोस्टेनमध्ये येऊ शकतो. तेव्हा पैसे भरताच आहात तर अहवालही मागावा. दोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च मालकाचा. स्वतःचे घर असलेल्यांनी २०२२ च्या गॅस दरवाढीत टाकीचे तापमान उतरवले असेल, तर ते पुन्हा पाहावे. टाकी ४५ अंशांवर ठेवून बिलात थोडे वाचते खरे, पण तेवढ्यासाठी जिवाणूंचा पाहुणचार नको.

बाबा तीन महिने राहिले आणि ठणठणीत परत गेले. सकाळी अंघोळीआधी मी नळ सोडून ठेवतो, याची मात्र त्यांनी शेवटपर्यंत उधळपट्टी म्हणून संभावना केली!