"किती ठेवू?" – फोर-बाय-फोरच्या टायरमधली हवा आणि स्टेपनीचा कंट्रोल

पंपावरचा मुलगा हवेचा पाइप हातात घेऊन विचारतो, "किती ठेवू?" आणि आपण "पस्तीस" म्हणून मोकळे होतो. पस्तीसच का? ते कोणत्या गाडीसाठी, गाडीत किती माणसं आणि सामान धरून, टायर गार असताना की गरम? यातलं काहीही आपल्याला माहीत नसतं. आकडा मात्र ठामपणे सांगितला जातो. पीएचडीला येऊ बघणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, प्रपोजलमध्ये आपण असे 'पस्तीस' किती ठिकाणी लिहितो ते नंतर बघा. आज फक्त टायर.

मी रबरासारख्या पॉलिमरवर काम करते. गाड्यांचा आणि माझा संबंध खरं तर बस आणि रिक्षापुरताच. पण गेल्या वर्षी भूगर्भशास्त्राच्या मैत्रिणीबरोबर नदीपात्रातले नमुने आणायला गेले होते. त्यांची गाडी फोर-बाय-फोर. वाळूत उतरण्याआधी ड्रायव्हर काकांनी चारही टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत सोडली आणि गाडी अलगद वाळूवरून गेली. संध्याकाळी हायवेला लागलो, तर पहिल्या पंपावरचा कॉम्प्रेसर बंद. दुसरा पंप बराच पुढे. काका चाळीस-पन्नासच्या वर गाडी नेईनात. मी घाई केली, तर म्हणाले, "ताई, गाडी जड लागतेय. पळवली तर टायर जाईल." थांबल्यावर मी टायरच्या बाजूला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला. लॅबमध्ये ग्राफवर जे बघते, ते त्या दिवशी हाताला कळलं.

आता ते नीट समजून घेऊ. समजा गाडीचं सामानासकट वजन १८०० किलो आहे, म्हणजे एका टायरवर साधारण ४५० किलो. ढोबळमानाने टायर जमिनीला जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ म्हणजे भार भागिले दाब. ३२ पीएसआयला हे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर येतं आणि १८ ला ३५० च्या पुढे जातं. (टायरच्या भिंतीसुद्धा थोडा भार उचलतात, म्हणून हे अंदाजच.) वाळूत हे पसरणं हवंच असतं, कारण भार वाटला जातो आणि चाक रुतत नाही.

हायवेवर तेच पसरणं महागात पडतं. २४५/७५ आर १६ मापाचा टायर एका फेरीत साधारण २.४ मीटर जातो. ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला अकराहून जास्त फेऱ्या होतात. म्हणजे टायरच्या भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला अकरा वेळा दुमडतो आणि सरळ होतो, तासाला चाळीस हजारांवर वेळा. रबर हा काही आदर्श स्प्रिंग नाही. दाबताना जेवढी ऊर्जा घेतो तेवढी परत देत नाही, मधली राहिलेली उष्णता होते. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात. बारावीच्या पुस्तकात चुंबकत्वाच्या धड्यात जो फुगीर लूप काढला होता, त्याचाच हा चुलतभाऊ. हवा कमी असेल तर प्रत्येक दुमड खोल होते, लूप मोठा होतो आणि उष्णता वाढते. ही उष्णता आणि ताण सगळ्यात जास्त सोसावा लागतो तो ट्रेडच्या खाली बसवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांच्या कडांना. तिथे बारीक चीर पडते आणि ती हळूहळू वाढते. बाहेरून काहीच दिसत नाही.

असं न दिसणारं नुकसान किती दूर जाऊ शकतं, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं आणि संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला वाटतं. फोर्डची 'एक्सप्लोरर' ही एसयूव्ही आणि तिच्यावरचे फायरस्टोनचे टायर. हायवेवर वेगात असताना टायरचा ट्रेड सोलून निघायचा आणि उंच गाडी उलटायची. १९९८ मध्ये 'स्टेट फार्म' या विमा कंपनीतल्या सॅम बॉयडन नावाच्या कर्मचाऱ्याने विम्याच्या दाव्यांमध्ये अशी २१ प्रकरणं शोधली. त्यातली १४ एक्सप्लोररची होती. त्याने सरकारी वाहनसुरक्षा संस्थेला ईमेल केला. काही झालं नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका टीव्ही चॅनेलने बातमी केली, मे महिन्यात अधिकृत चौकशी सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये रस्त्यावरचे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. या टायरशी जोडलेल्या मृत्यूंचा सरकारी आकडा शेवटी २७१ वर गेला.

आता हवेचा मुद्दा. फोर्डने या टायरसाठी २६ पीएसआय सांगितलं होतं. फायरस्टोनचं म्हणणं, ३० ठेवायला हवं होतं. फोर्डचं म्हणणं, टायरच सदोष. दोघांकडे आकडे होते आणि दोघांनाही आपापल्या सोयीचा निष्कर्ष हवा होता. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक संजय गोविंदजी यांनी फायरस्टोनच्या सांगण्यावरून स्वतंत्र विश्लेषण केलं. २००१ च्या सुरुवातीला आलेल्या त्या अहवालाने दोघांपैकी कुणालाच मोकळं सोडलं नाही. हवामान, टायरची रचना, डेकेटर इथल्या कारखान्यातल्या उत्पादनातला फरक आणि वापर, म्हणजे कमी हवा व जास्त भार, असं सगळं मिळून पट्ट्यांच्या कडेची चीर वाढत गेली.

एकच कारण शोधायची आपल्याला भारी घाई असते. मुलाखतीत "तुमच्या प्रयोगात हा परिणाम कशामुळे?" असं विचारलं की आपण एक नाव फेकतो. इथे टेक्सास-ॲरिझोनाचं ऊन, लांबलचक हायवे, सुट्टीचं सामान आणि २६ पीएसआय या गोष्टी एकत्रच येत होत्या. एकत्र येणाऱ्या कारणांना नुसत्या डोळ्यांनी वेगळं करता येत नाही. ही अडचण मोठ्या अभ्यासातच येते असं नाही, तुमच्या गाडीतही येते.

कशी ते सांगते. फोर-बाय-फोरवाल्यांमध्ये एक नियम फार चालतो. गार टायरमध्ये हवा भरा, अर्धा-पाऊण तास हायवेवर चालवा आणि परत मोजा. दाब साधारण ४ पीएसआयने वाढला तर बरोबर. जास्त वाढला तर टायर फार दुमडतोय, म्हणजे हवा कमी होती. कमी वाढला तर हवा जास्त होती. कल्पना उत्तम आहे, कारण ती हिस्टेरेसिसची उष्णताच मोजू बघते. पण टायर तापायला फक्त दुमडणंच लागतं का?

गणित करू. गेज दाखवतो तो दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब. वायूच्या नियमात मात्र निरपेक्ष दाब घालायचा, म्हणजे त्यात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवायचे. (नेटच्या परीक्षेत इथेच मार्क जातात. तापमानही केल्व्हिनमध्येच घ्यायचं.) ३२ अधिक १४.७ म्हणजे ४६.७. सकाळी सातला २० अंश असताना भरलेली हवा दुपारी ३८ अंशांवर गेली, तर ४६.७ ला ३११ भागिले २९३ ने गुणायचं. उत्तर साडेएकोणपन्नासच्या आसपास येतं. १४.७ वजा केले की गेजवर जवळपास ३५. म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी वाढ ३ पीएसआयची! चारच्या नियमातले तीन तर सूर्यानेच खाल्ले. अशा दिवशी कुणी दुपारी ३८ वाचून "हवा कमी होती" म्हणाला, तर तो उन्हाचा दोष टायरला लावतोय.

मग काय करायचं? गाडीला एक पाचवा टायर असतोच. स्टेपनी. ती त्याच गाडीबरोबर त्याच हवेतून जाते, पण दुमडत नाही. सकाळी चार चाकांबरोबर तिच्यातही ३२ भरा. दुपारी समजा मागची चाकं ३८ दाखवतात आणि स्टेपनी ३४.५. तर दुमडण्याने झालेली वाढ सहा नाही, साडेतीनच. निष्कर्ष उलटा झाला. ज्याला आपण पेपरात 'कंट्रोल' म्हणतो तो हाच, आणि तो इथे फुकटात मिळतो.

हा कंट्रोल परिपूर्ण आहे का? नाही. स्टेपनी मागच्या दारावर असेल तर तिला थेट ऊन लागतं, चाकांना तापलेल्या रस्त्याची धग लागते. दोन्ही सारखं नाही. पण चुकीचा अंदाज कोणत्या दिशेने जाईल हे माहीत असलेला अपुरा कंट्रोल, कंट्रोल नसण्यापेक्षा केव्हाही बरा. ढगाळ दिवशी करून बघा, किंवा स्टेपनीवर कव्हर घालून आणि न घालता. उंचीचा खेळही ध्यानात ठेवा. मुंबईहून महाबळेश्वरला चढलात की बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेजवर सुमारे २ पीएसआय वाढलेले दिसतात, आणि वरच्या गारव्याने त्यातले बरेचसे परत जातात. दोन परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि आपल्याला वाटतं की काहीच घडलं नाही. स्टेपनी हे दोन्ही परिणाम वजा करून देते.

आता गेज. पंपावरचा गेज दोन-तीन पीएसआयने चुकला तरी आपल्याला कळणार नाही. गंमत अशी की स्टेपनीशी तुलना करताना ही चूक फारशी आड येत नाही. गेज सगळीकडे सारखाच ३ जास्त दाखवत असेल तर वजाबाकीत ते ३ निघून जातात. पण "३२ भरा" म्हणताना मात्र पूर्ण ३ ची चूक टायरमध्ये जाते. म्हणून स्वतःचा एक बरा गेज घ्या, कायम तोच वापरा, आणि एकदा तरी दुसऱ्या चांगल्या गेजशी ताडून बघा. एकाच टायरवर तीनदा मोजून बघा, तीन वेगळे आकडे आले तर आधी हात सुधारा.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्न, हायवेला किती ठेवायची? कंपनीने दिलेल्या मापाचेच टायर असतील तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. तिथे पुढची-मागची चाकं, आणि बऱ्याचदा कमी व पूर्ण भार, असे वेगळे आकडे असतात. ते गार टायरचे, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असतानाचे. टायरच्या भिंतीवर कोरलेला मोठा आकडा हा सल्ला नाही, ती कमाल मर्यादा आहे. 'हायवेला जाताय ना, चाळीस ठेवा' हा सल्लाही बहुतेक वेळा अंदाजाचाच असतो. जास्त हवेने टायर मध्यभागी घासतो, खड्ड्याचा मार सरळ बसतो आणि पकड कमी होते.

बरेच जण जाड, खडबडीत एटी टायर बसवतात. खरी गडबड तिथे होते. लाइट ट्रक प्रकारच्या टायरला तोच भार उचलायला साध्या टायरपेक्षा जास्त दाब लागतो, त्यामुळे दारावरचा आकडा तसाच वापरला तर हवा कमी पडते. टायर कंपनीचं भार-दाबाचं कोष्टक मिळवा, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं सामानासकट वजन काट्यावर करून घ्या आणि तिथून सुरुवात करा. खडूची चाचणीही लोक करतात. ट्रेडवर आडवी रेघ मारायची, सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं आणि खडू कुठे पुसला ते बघायचं. टायर रस्त्याला कसा टेकतो हे त्यातून दिसतं. पण ती संथ वेगात होते आणि उष्णतेबद्दल ती काहीच सांगत नाही. १०० च्या वेगाचा निष्कर्ष २० च्या वेगाच्या प्रयोगातून काढू नका.

समृद्धीवर जाणाऱ्यांच्या मनात एक भीती असते: ७०१ किलोमीटरचा काँक्रीटचा रस्ता, कारला १२० ची मर्यादा, म्हणजे हवा तापून फुगणार आणि टायर फुटणार. म्हणून कुणी आधीच हवा कमी ठेवतं, कुणी वाटेत गरम टायरमधून सोडतं. वरचं गणित आठवा. वाढ चार-सहा पीएसआयची असते आणि धडधाकट टायरची फुटण्याची मर्यादा त्याच्या कितीतरी पट वर असते. गरम टायरमधून हवा सोडली की तो जास्त दुमडतो आणि आणखी तापतो. ज्याची भीती होती तेच आपण घडवून आणतो. नायट्रोजननेही हे गणित बदलत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि कोरडा वायू कोणताही असो, तापल्यावर त्याच नियमाने वाढतो. टायर जुना, चिरलेला, गुळगुळीत असेल तर मात्र हवेच्या आकड्याने काही वाचत नाही. तो बदलाच.

डॅशबोर्डवरच्या दिव्याबद्दलही थोडं. एक्सप्लोरर प्रकरणानंतर अमेरिकेत नवीन गाड्यांना हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिथल्या नियमाप्रमाणे दाब ठरलेल्यापेक्षा २५ टक्के खाली गेला की दिवा लागायला हवा. ३२ साठी याचा अर्थ २४. म्हणजे २५ पीएसआयवर, एक्सप्लोररच्या त्या २६ च्याही खाली, तुम्ही तासन्‌तास हायवेवर असाल आणि दिवा गप्प असेल. दिवा लागला नाही, एवढ्यावरून हवा ठीक आहे असं धरता येत नाही.

त्या दिवशी दुसऱ्या पंपावर हवा भरून आम्ही रात्री परतलो. पुढच्या फेरीच्या आधी मी काकांना स्टेपनीची युक्ती सांगितली. ते हसले, म्हणाले, "स्टेपनीला कोण विचारतं ताई!" तिच्यात हवा होती फक्त १४. आता गाडीच्या लॉगबुकमध्ये किलोमीटर आणि डिझेलच्या शेजारी काकांनी पेनाने दोन नवे रकाने आखलेत, 'गार' आणि 'गरम'. प्रत्येकात पाच आकडे असतात.