विटेचे गणित, भट्टीचे शास्त्र

उरुग्वेची राजधानी मोन्तेविदेओ. तिथून सुमारे ४५ किलोमीटरवर आतलांतिदाचे चर्च आहे. त्याच्या भिंती जमिनीलगत सरळ रेषेत असतात आणि वर जाता जाता नागमोडी होतात. माथ्यावरचे छतही लाटांचेच. बांधकाम सगळे विटेचे. १९५८ ते १९६० या काळात ते उभारणारे एलादिओ दिएस्ते वास्तुविशारद नव्हते, स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. २०२१ मध्ये युनेस्कोने हे चर्च जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

दिएस्ते यांचा जन्म १९१७ चा, आर्तिगासचा. १९४३ मध्ये ते मोन्तेविदेओच्या विद्यापीठातून इंजिनिअर झाले. तीनच वर्षांनी वास्तुविशारद आंतोनि बोनेत यांच्या एका घरासाठी त्यांनी विटा आणि सळया वापरून पातळ कमानदार छत केले. तिथून त्यांची वाट ठरली. एउहेनिओ मोन्तान्येस यांच्यासोबत कंपनी काढून त्यांनी गोदामे, कारखाने, धान्याची कोठारे, बसस्थानके बांधली.

सिमेंट-काँक्रीटच्या जमान्यात वीटच का? दिएस्ते यांचा हिशेब रोकडा होता. वीट भट्टीतूनच घट्ट होऊन येते, त्यामुळे छतात वाळायचा असतो तो फक्त सांध्यांतला मसाला. सेंटरिंग लवकर उतरवून पुढच्या भागाखाली सरकवता येते आणि एकच साचा पुन्हा पुन्हा कामी येतो. सळया सांध्यांतच बसतात. उरला प्रश्न पातळ छत वाकून कोसळण्याचा. पन्हाळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ असतो, त्याच न्यायाने त्यांनी छताला दोन्ही दिशांनी बाक दिला. मोन्तेविदेओ बंदरातल्या आगीत सापडलेल्या गोदामाच्या जुन्या भिंती राखून त्यांनी सुमारे ५० मीटर रुंदीचे असे छत वर चढवले.

पण हे सारे गणित विटेच्या ताकदीवर उभे असते आणि ती ताकद भट्टीत ठरते. भाजणी कच्ची राहिली तर वीट भुसभुशीत, जास्त झाली तर वेडीवाकडी. भट्टीवाल्याच्या नजरेवर चालणारे हे काम विद्यापीठात नेले ते एडवर्ड ऑर्टन (धाकटे) यांनी. खाणकामाचे शिक्षण घेतलेल्या ऑर्टन यांच्या खटपटीमुळे १८९४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठात सिरॅमिक्सचे शिक्षण सुरू झाले. अमेरिकेतले ते पहिले. १८९६ पासून त्यांनी भाजणी मोजणारे सुळके तयार केले. मूळ कल्पना बर्लिनच्या हर्मान झेगर यांची. माती-खनिजांच्या मिश्रणाचा छोटा सुळका भट्टीत ठेवायचा. ठरलेली भाजणी झाली की त्याचा शेंडा वाकतो. तापमापक फक्त तापमान सांगतो. सुळका मात्र तापमान आणि वेळ या दोहोंचा मातीवर झालेला एकत्रित परिणाम दाखवतो.

भारतात ही परंपरा बनारस हिंदू विद्यापीठात रुजली. तिथला सिरॅमिक विभाग १९२४ चा, देशातला सर्वांत जुना. आज तो तिथल्या आयआयटीचा भाग आहे.

ऑर्टन १९३२ मध्ये वारले तेव्हा दिएस्ते शाळकरी वयाचे होते. दोघांची भेट होणे शक्य नव्हते, पण एकाच्या कामावाचून दुसऱ्याचे अपुरे आहे. महाराष्ट्रात वीटभट्ट्यांना तोटा नाही, तरी आरसीसी इमारतीत वीट उरते ती खांब-तुळयांमधली मोकळी जागा भरण्यापुरती. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दिएस्ते यांचे एखादे छत विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे, आणि त्यासाठी लागणारी वीट जवळच्या भट्टीतून आणून प्रयोगशाळेत दाबून पाहावी.