दोन नंबरचा फाळका

सकाळी ८
शुक्रवार, १४ एप्रिल १९४४. मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. ‘फोर्ट स्टिकिन’ला धक्क्याला लागून तिसरा दिवस. १९४२ साली कॅनडात बांधलेलं हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. कराचीत विमानं उतरवली, तिथेच कापूस भरला. हमालांच्या टोळ्या शिडीनं फाळक्यात, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या माल भरायच्या खणात, उतरतात. हातात लोखंडी आकडा, खांद्यावर फडकं. हात चालले तरच आजचा रोज. शहरात रेशनिंग येऊन वर्ष होत आलंय.

सकाळी १०
विंचचा दोर खाली येतो. माल बांधला की वर हाक जाते. दोन नंबरच्या फाळक्यात तळाला कापसाच्या गासड्या, त्यांच्या वर दारूगोळा. सबंध जहाजावर तो सुमारे १४०० टन. शिवाय ३१ पेट्या सोनं. दारूगोळ्याच्या जहाजावर लाल बावटा हवा. या जहाजावर नाही.

दुपारी १२:३०
जेवणाची सुट्टी. फाळका रिकामा. याच तासाभरात शेजारच्या बोटींवरून काहींना धुराची रेघ दिसते. कुणी ओरडत नाही. मला हा तास सगळ्यात जड वाटतो.

दुपारी २
टोळी परतलीय. गासड्यांमधून धूर येतोय. हमाल वर धावतात. बंब येतात, नळ फाळक्यात सुटतात.

दुपारी ३
पाणी ओतणं चालूच. एकूण ९०० टनांहून जास्त. पण कापूस तरंगतो. जळत्या गासड्या पाण्याबरोबर वर चढतात, आणि वर दारूगोळा आहे. आग नेमकी कुठे, ते धुरात दिसत नाही. पत्रे तापलेत, भोवतालचं पाणी उकळतंय.

दुपारी ३:५०
जहाज सोडायचा हुकूम.

दुपारी ४:०६
पहिला स्फोट. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. शहरात लोक म्हणाले, जपानी आले. साडेचारच्या सुमारास दुसरा, त्याहून मोठा. जळता कापूस गोदीभोवतीच्या वस्त्यांवर पडला.

रात्र
गोदामं पेटलेलीच. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे. एकूण मृत ८०० ते १३००, असा सैल आकडा अजून सांगतात. रोजंदारीवरच्या माणसांना कोणत्या हजेरीपटावर शोधणार?

पुढचे सात महिने
आठ हजार माणसं, पाच लाख टन ढिगारा. मग गोदी पुन्हा सुरू झाली.