नेम चुकला म्हणजे नेमकं काय चुकलं?



आजच्या पाठाची सुरुवात एका फुग्यापासून करते. महाशिवरात्रीला आम्ही घरचे सगळे वाघोलीत वाघेश्वराच्या दर्शनाला गेलो होतो. बाहेर पाळणे, भेळेच्या गाड्या आणि फुगे फोडायचा तो स्टॉल. माझ्या मुलीने हट्ट केला म्हणून मीही छर्ऱ्याची बंदूक हातात घेतली. पिवळ्या फुग्यावर नेम धरला, छर्रा लागला डावीकडच्या फळीवर. पुन्हा मारला, पुन्हा तिथेच. तिसराही तिथेच. मी हसून म्हणाले, "मला काही जमत नाही." मागे माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील उभे होते. खाणीवर डंपर चालवतात. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा हात बरोबरे. बंदूक डावीकडं मारतीय. वीतभर उजवीकडं धरा." धरली, आणि फुगा फुटला.

घरी आल्यावरही ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याचं कारण शेवटी सांगते. आधी नेमबाजी समजून घेऊ.

अचूकता आणि सातत्य

आपण 'नेम चांगला' असं एकाच शब्दात म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली अचूकता, म्हणजे गोळी मध्याच्या किती जवळ लागली. दुसरी सातत्य, म्हणजे सगळ्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या. यातून चार चित्रं तयार होतात. फळ्यावर चार गोल काढून मुलांना दाखवा.

१) सगळे ठिपके मध्यावर, एका जागी. हा उत्तम नेम.
२) सगळे ठिपके एका जागी, पण मध्यापासून दूर.
३) ठिपके मध्याच्या चारी बाजूंना विखुरलेले.
४) ठिपके विखुरलेले, आणि तेही सगळे एका बाजूला.

आता मुलांना विचारा, दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्रातला कोणता नेमबाज लवकर सुधारेल? बहुतेक मुलं तिसरा म्हणतात, कारण त्याचे एक-दोन ठिपके मध्याजवळ असतात. उत्तर आहे दुसरा. त्याचं शरीर, श्वास, बोट सगळं दर वेळी सारखंच काम करतंय. चूक आहे ती नेम धरायच्या साईटमध्ये. साईटचा स्क्रू थोडा फिरवला की सगळा पुंजका उचलून मध्यावर येतो. तिसऱ्याला मात्र बैठकीपासून सुरुवात करावी लागते.

म्हणूनच नेमबाज एका गोळीवरून साईट फिरवत नाही. आधी पाच-दहा गोळ्या झाडतो, पुंजका कुठे पडतो ते बघतो आणि मग ठरवतो. सामन्यातही सुरुवातीला गुण न धरता सराव-गोळ्या मारायला वेळ दिलेला असतो.

एका मिलिमीटरची किंमत

ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटरवर जी छोट्या बोअरची रायफल वापरतात, तिच्या गोळीचा व्यास असतो ५.६ मिमी. तिला 'पॉइंट टू टू' म्हणतात, कारण इंचात तो ०.२२ येतो. पन्नास मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे टांगलेल्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिमी. आपल्या करंगळीचं नखही जवळपास एवढंच असतं. सर्वांत बाहेरचं वर्तुळ १५४.४ मिमीचं.

आता थोडं गणित. समजा, डोळ्याजवळची मागची साईट आणि नळीच्या टोकावरची माशी यांच्यात ७० सेंमी अंतर आहे. माशी फक्त १ मिमी बाजूला सरकली, तर लक्ष्यावर किती फरक पडेल? हे दोन समरूप त्रिकोण आहेत. ५० मीटर म्हणजे ५००० सेंमी, भागिले ७०, म्हणजे सुमारे ७१ पट. हातातला एक मिलिमीटर लक्ष्यावर ७१ मिमी होतो. गोळी मध्य सोडून थेट बाहेरच्या कडेजवळ! मोठ्या वर्गातली मुलं 'समरूप त्रिकोण कशाला शिकायचे' असं विचारतात ना, त्यांना हे उदाहरण जरूर द्या.

अजून एक गंमत. ही गोळी सरळ रेषेत जात नाही. स्पर्धेतल्या गोळीचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा थोडा कमी असतो. पन्नास मीटर जायला तिला साधारण ०.१५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती सुमारे ११ सेंमी खाली येते. म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते आणि तो हिशोब साईटमध्ये आधीच करून ठेवलेला असतो. वारा असेल तर गोळी बाजूलाही सरकते, त्यासाठी मैदानात छोट्या झेंड्या लावतात.

शरीर, श्वास, बोट

सिनेमातला घोडेस्वार दस्त्याखालचा दांडा खालीवर करून धडाधड गोळ्या झाडतो, ती लिव्हरची रायफल. दिसायला झकास, आणि तिच्याही वेगळ्या स्पर्धा काही देशांत होतात. पण झोपून नेम धरताना तो दांडा खाली करायला जागाच उरत नाही. रायफल उचलावी लागते आणि जमलेली बैठक मोडते. ऑलिम्पिकच्या रायफलला म्हणून बाजूला बोल्ट असतो. एक गोळी भरायची, एक झाडायची.

प्रत्येक गोळीचा क्रम ठरलेला. बैठक जमवायची. रायफलचा भार स्नायूंवर न घेता हाडांवर घ्यायचा, कारण स्नायू थकतात, थरथरतात. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा आणि काही क्षण थांबायचं. चाप ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. गोळी सुटल्यावरही लगेच मान वर काढायची नाही. आणि नेम जमला नाही तर? रायफल खाली घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. न जमणारी गोळी न मारणं हेही कौशल्यच आहे.

कांबळवाडीचा स्वप्नील

हे सगळं एका निकालात बघू. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात भारताचं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. १९५२ मध्ये हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं. स्वप्नीलचे वडील शिक्षक, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला, पुढे मध्य रेल्वेत नोकरीला लागला. दीपाली देशपांडे त्याच्या मार्गदर्शक. पुण्यात आपल्या बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर त्याने वर्षानुवर्षं सराव केला.

प्राथमिक फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून प्रत्येकी २० अशा ६० गोळ्या असतात. स्वप्नीलचे ६०० पैकी ५९० गुण आले आणि तो सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत गेला. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९. त्याचे गुण असे:

गुडघ्यावर: १५ गोळ्या, १५३.३
झोपून: १५ गोळ्या, १५६.८
उभं राहून: १४ गोळ्या, १४१.३
एकूण: ४४ गोळ्या, ४५१.४

मुलांना सरासरी काढायला सांगा. गुडघ्यावर १०.२२, झोपून १०.४५, उभं राहून १०.०९ येते. विचारा, असा फरक का? झोपलेल्या माणसाचा जमिनीला आधार मोठा, गुरुत्वमध्य खाली, म्हणून स्थिरता जास्त. उभं राहिल्यावर आधार दोन पावलांपुरता. विज्ञानाचा धडा आकड्यांत दिसतो तो असा. आणि बघा, उभ्या स्थितीत सगळ्यांचेच गुण घसरतात. गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा आणि झोपून मारल्यावर पाचवा असलेला स्वप्नील तिथेच तिसरा झाला. इतरांपेक्षा तो कमी घसरला. या लक्ष्यावर ०.१ गुण म्हणजे मध्यापासून फक्त ०.८ मिमी!

त्याच्याआधीही हा वारसा आहेच. अंजली भागवत यांची सुरुवात एनसीसीतून झाली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मिळवून विश्वविजेती झाली.

पालक विचारतात, मुलाला घालू का? एवढंच सांगते, सुरुवात पॉइंट टू टूने होत नाही, तिला शस्त्र परवान्याचे नियम लागू आहेत. मुलं १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करतात, तीही प्रशिक्षकासमोर, रेंजवरच. पहिला धडा नेमाचा नसतो, शिस्तीचा असतो. नळी कायम लक्ष्याकडे, सूचना मिळेपर्यंत रायफल रिकामी, 'स्टॉप' म्हटलं की बोट चापावरून बाजूला.

वर्गातला उपक्रम

यासाठी बंदूक लागत नाही. फरशीवर खडूने एकात एक पाच वर्तुळं काढा. प्रत्येक मुलाने कंबरेच्या उंचीवरून दहा चिंचोके एकेक करून मध्यावर सोडायचे. मग प्रत्येक चिंचोक्याचं मध्यापासूनचं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहायचं, सरासरी काढायची आणि आपलं चित्र चारपैकी कोणतं ते ओळखायचं. मापन, सरासरी, वर्तुळ, आलेख, सगळं एका तासात होतं. दुसऱ्या फेरीत एका पायावर उभं राहून सोडायला सांगा. स्थिरतेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

आणि ते वाक्य

आता कबुली. त्याच आठवड्यात मी वजाबाकीच्या वह्या तपासल्या होत्या. त्या डंपरवाल्या दादांच्या मुलाला दहापैकी शून्य. मी वहीत शेरा लिहिला होता, 'लक्ष देत नाही. पालकांनी भेटावे.'

जत्रेहून आल्यावर ती वही पुन्हा काढली. ५२ − २७ = ३५. ६३ − २९ = ४६. ४० − १८ = ३८. दहाच्या दहा उदाहरणांत एकच गोष्ट होती. एककात वरचा अंक लहान असला की पोरगं उलट वजा करत होतं, मोठ्यातून लहान. हातचा घेणं त्याला कळलंच नव्हतं. बाकी त्याने काहीही चुकवलं नव्हतं. दहा ठिपके, सगळे एका जागी, फक्त मध्यापासून दूर. आणि मी लिहिलं होतं, लक्ष देत नाही!

दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे घेऊन त्याच्याशेजारी बसले. ५२ म्हणजे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काढायच्यात, दोनच आहेत. त्याने स्वतःच एक गठ्ठा सोडला. वीस मिनिटं लागली. नंतरच्या दहापैकी नऊ बरोबर आली.

त्याच वर्गात एका मुलीला दहापैकी पाच होते. तिला मी 'ठीक' असा शेरा दिला होता. तिच्या चुका मात्र विखुरलेल्या होत्या, कुठे हातचा विसरलेला, कुठे अंक उलटा, कुठे वजाबाकीच्या जागी बेरीज. खरी जास्त मदत तिला लागणार होती. आजही तिच्याबरोबर रोज थोडं थोडं काम चालू आहे.

गुण सांगतात किती चुकलं. कसं चुकलं ते वहीत असतं, आणि त्यासाठी ठिपके एकत्र बघावे लागतात. त्या दादांनी माझे तीन छर्रे बघून जे ओळखलं, ते मला त्यांच्या मुलाची दहा उदाहरणं बघून कळलं नव्हतं. ते शाळेत भेटायला आले तेव्हा मी तो शेरा त्यांच्यासमोर खोडला आणि माफी मागितली. ते नुसतं हसले. म्हणाले, "बंदूक डावीकडं मारत होती व्हय?"

तर मंडळी, पुढच्या वेळी लाल पेन हातात घ्याल तेव्हा एका चुकीवर थांबू नका. पाच-दहा चुका शेजारी शेजारी मांडा आणि बघा, पुंजका आहे की विखुरलंय. पालकांनीही घरी हेच करावं. चिंचोक्यांचा उपक्रम करून बघा आणि तुमच्या वर्गात काय दिसलं ते नक्की कळवा.